तोरणातली पानं वाकडी का दिसतात? वक्र रेषेवर फुलं, पानं आणि अक्षता मांडण्याची रीत

गेल्या लग्नसराईत एका मुलीचे वडील पत्रिकेचं प्रूफ बघायला सांगलीतल्या माझ्या दुकानात आले होते. पत्रिकेच्या वरच्या कडेला तोरण होतं, झेंडूची फुलं आणि आंब्याची पानं. त्यांनी कागद हातभर लांब धरला, थोडा वेळ बघितला आणि म्हणाले, "ताई, फुलं झकास आलीत. पण पानं वाऱ्यानं उडाल्यासारखी का दिसतात ओ?"

त्यांचं बरोबर होतं. मधली दोन-तीन पानं सरळ खाली लोंबत होती. टोकाकडे जावं तशी पानं झग्याच्या घेरासारखी बाहेर फाकत गेली होती. सॉफ्टवेअरनं सांगितलेलं काम चोख केलं होतं, मीच चुकीचं सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी गणपती मंदिराबाहेर फुलवाल्या मावशींकडे गजरा घेताना मी मुद्दाम थांबले. मावशी तोरण ओवत होत्या. झेंडूच्या पोटातून सुई आरपार घालायची आणि फूल दोऱ्यावर सरकवायचं. पानाची गोष्ट वेगळी. देठाकडचा जरासा भाग दुमडून तेवढाच सुईत घ्यायचा, बाकीचं पान मोकळं सोडायचं. म्हणजे फूल दोऱ्याच्या ताब्यात असतं. दोरा वळेल तसं ते वळतं. पान फक्त दोऱ्याला अडकलेलं असतं. ते लोंबतं स्वतःच्या वजनानं, आणि वजन नेहमी सरळ खालीच ओढतं.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. वक्र रेषेवर काहीही मांडायचं असलं की माउसला हात लावण्याआधी विचारायचं, ही वस्तू कुणाच्या ताब्यात आहे? दोऱ्याच्या, वजनाच्या, की कुणाच्याच नाही? पुढच्या सगळ्या सेटिंग्जची उत्तरं यातूनच निघतात. खाली मी मुख्यतः इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये करून दाखवते, कारण ते फुकट मिळतं आणि शिकणाऱ्याला घरी बसून करता येतं. कोरलड्रॉ आणि इलस्ट्रेटरवाल्यांसाठीही पुढे लिहिलं आहे.

आधी झोळ, म्हणजे तोरणाच्या दोऱ्याचा खाली लोंबणारा वक्र, नीट काढा

आडवं ए५ पान घ्या, २१० मिलिमीटर रुंद. दोन्ही कडांपासून १५ मिलिमीटर सोडले की तोरणाला १८० मिलिमीटरची जागा उरते. बेझिअर पेन घेऊन डावीकडून उजवीकडे एक सरळ रेघ काढा, दोनच बिंदू. मध्ये बिंदू वाढवू नका. नवशिक्यांची तोरणं खडबडीत दिसतात ती बहुतेक वेळा याच कारणानं. दोन बिंदूंत होणाऱ्या वळणाला पाच बिंदू दिले की प्रत्येक बिंदूपाशी रेघ जराशी अडखळते आणि त्यावरची फुलं ते अडखळणं लपवत नाहीत, उलट दाखवतात.

आता नोड टूल घ्या आणि दोन्ही बिंदूंची हँडल्स, म्हणजे रेघ वाकवणाऱ्या दांड्या, बाहेर काढा. हँडल किती ओढायचं याचा साधा हिशेब आहे. प्रत्येक हँडल आत एक तृतीयांश अंतरावर न्यायचं, म्हणजे आपल्या बाबतीत ६० मिलिमीटर. खाली किती न्यायचं, तर हव्या असलेल्या झोळाच्या चार-तृतीयांश. झोळ २५ मिलिमीटर हवा असेल तर हँडल साधारण ३३ मिलिमीटर खाली. रेघ हँडलपर्यंत कधीच पोचत नाही, मधोमध त्याच्या तीन-चतुर्थांश खोलीवर थांबते, म्हणून हा गुणाकार. पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात रेनो कंपनीत मोटारींचे पत्रे आखण्यासाठी हे वक्र वापरात आणले, त्यामागचं गणित हेच. लोंबत्या दोऱ्याचा खरा वक्र यापेक्षा किंचित वेगळा असतो, पण इतक्या उथळ झोळात डोळ्याला फरक कळत नाही.

या वक्राची लांबी साधारण १८९ मिलिमीटर भरते. इंकस्केपमध्ये 'एक्स्टेन्शन्स', 'व्हिज्युअलाइझ पाथ', 'मेजर पाथ' असं गेलं की लांबी मिळते. ती कागदावर लिहून ठेवा. फूल ७ मिलिमीटरचं ठेवलं तर सत्तावीसच्या आसपास फुलं बसतील. दर तीन फुलांमागे एक पान धरलं तर पानांमधलं अंतर २१ मिलिमीटर. आकडे आधी कागदावर मांडले की पुढे स्क्रीनवर चाचपडत बसावं लागत नाही.

रेघ डावीकडून उजवीकडेच काढायला सांगितलं, त्याला कारण आहे. सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येक रेघेला, म्हणजे पाथला, दिशा असते. सॉफ्टवेअर पाथवर ठरावीक अंतर चालत जातं, त्या जागी रेघ कुठल्या दिशेला चालली आहे ते बघतं आणि वस्तू तेवढी फिरवून ठेवतं. रेघ उजवीकडून डावीकडे काढली असेल तर सगळी फुलं उलटी होतात. असं झालंच तर पुसू नका. 'पाथ' मेनूत 'रिव्हर्स' आहे, एका क्लिकमध्ये दिशा बदलते.

फुलं ओवणं

झेंडू काढा, तीन-चार थरांच्या पाकळ्या, केशरी आणि पिवळ्या दोन छटा पुरेत. सगळं निवडून कंट्रोल-जी दाबून एकच गट करा. पुढचा क्रम असा:

१. फुलांचा गट निवडून 'होम' बटण दाबा, म्हणजे तो सगळ्यांच्या वर जाईल. आपण ओवायला वापरणार ते 'स्कॅटर' (तिसरी पायरी बघा) सर्वांत वरच्या वस्तूला नक्षी समजतं आणि खालच्याला दोरा. क्रम उलटा झाला तर दोराच फुलावर ओवला जातो.

२. शिफ्ट धरून झोळही निवडा. झोळ हा पाथच असला पाहिजे. वर्तुळ किंवा चौकोन वापरत असाल तर आधी 'पाथ' मेनूतून 'ऑब्जेक्ट टू पाथ' करून घ्या.

३. 'एक्स्टेन्शन्स', 'जनरेट फ्रॉम पाथ', 'स्कॅटर' उघडा. याच मेनूत 'पॅटर्न अलाँग पाथ' नावाचा भाऊ आहे, तो घेऊ नका. तो वस्तू वळणाबरोबर वाकवतो. वेलबुट्टीच्या सलग पट्टीला ते छान दिसतं, पण झेंडू वाकवला की चेपलेला दिसतो. 'स्कॅटर' वस्तूचा आकार न बिघडवता फक्त जागेवर नेऊन ठेवतं.

४. 'फॉलो पाथ ओरिएंटेशन', म्हणजे दोऱ्याची दिशा पाळणं, चालू ठेवा, फूल दोऱ्याच्या ताब्यात आहे ना. 'स्ट्रेच स्पेसेस टु फिट स्केलेटन लेंग्थ' हेही चालू ठेवा, म्हणजे शेवटी अर्ध्या फुलाची फट उरत नाही, उरलेली जागा सगळ्यांत वाटली जाते.

५. 'स्पेस बिटवीन कॉपीज' म्हणजे दोन फुलांमधली मोकळी फट, दोन मध्यबिंदूंमधलं अंतर नव्हे. फुलाची रुंदी त्यात आपोआप मिळवली जाते. फुलं खेटून हवी असतील तर शून्य, एकमेकांत घुसवायची असतील तर उणे आकडा. 'लाइव्ह प्रीव्ह्यू' चालू करून आकडा थोडा थोडा बदलत बघा. फार बारीक नक्षी घेतली तर सॉफ्टवेअर नकार देतं आणि फट वाढवायला सांगतं. तेव्हा नक्षी मोठी करून मग काम करा.

६. मूळ वस्तूचं काय करायचं या प्रश्नाला मी नेहमी 'क्लोन' म्हणते. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी "केशरी जरा भडक वाटतोय" म्हणणारच. क्लोन असतील तर मूळ फुलाचा रंग बदलला की सत्तावीसही फुलं बदलतात.

फुलं एकमेकांवर चढवली तर एक बारीक गोष्ट खटकते. प्रत्येक फूल आधीच्या फुलाच्या वर बसतं, त्यामुळे सगळं तोरण एका बाजूला ढकलल्यासारखं दिसतं. त्यावर उपाय म्हणजे अर्धाच झोळ घ्यायचा. झोळाच्या मधोमध एक बिंदू घालून तिथं पाथ तोडा, मधून टोकाकडे जाणारा अर्धा भाग घ्या, त्यावर फुलं ओवा. मग नक्कल करून 'एच' दाबलं की ती आडवी उलटते, ती दुसऱ्या बाजूला सरकवा. आता दोन्हीकडची फुलं मधून बाहेर सारखीच चढत जातात. मधला सांधा एका मोठ्या फुलानं झाका. खऱ्या तोरणातही तिथं काहीतरी मोठं असतंच.

पानं टांगणं

इथंच माझं चुकलं होतं. आपल्या झोळाला टोकापाशी जवळपास २९ अंशांचा उतार आहे. 'फॉलो पाथ ओरिएंटेशन' चालू असेल तर टोकाचं पान तेवढंच तिरकं होतं. मधलं पान सरळ, टोकाचं २९ अंश फाकलेलं. वऱ्हाडाला अंश मोजता येत नसतील, पण तोरण जन्मभर बघितलेलं असतं.

म्हणून पानांसाठी 'फॉलो पाथ ओरिएंटेशन' बंद. पानं सरळ होतील, पण दुसरी अडचण येईल. सॉफ्टवेअर वस्तूचा मध्य रेघेवर ठेवू बघतं, त्यामुळे दोरा पानाच्या पोटातून जातो. 'नॉर्मल ऑफसेट' देऊन पान खाली सरकवता येतं. पण मी वेगळी युक्ती वापरते, कारण ती प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये चालते. पान २० मिलिमीटर लांब असेल तर देठाच्या टोकाच्या वर बरोबर तेवढ्याच उंचीचा आणि पानाच्याच रुंदीचा एक चौकोन काढा, त्याची अपारदर्शकता शून्य करा आणि पानासकट गट करा. आता गटाचा मध्य देठाच्या टोकावर आला. दोरा तिथूनच जातो, जसा मावशींच्या सुईतून जातो.

सगळी पानं तंतोतंत सारखी असली की तोरण छापील दिसतं. पत्रिका छापीलच असते, पण ती तशी दिसू नये. तीन पानं काढा, एक सरळ, एक दोन-तीन अंश डावीकडे कललेलं, एक तेवढंच उजवीकडे. प्रत्येकाचा अदृश्य चौकोनासकट स्वतंत्र गट करा. मग तिन्ही गट अलाइन करून एकमेकांवर अगदी मधोमध रचा आणि तिघांचा मिळून एक मोठा गट करा. शेजारी शेजारी ठेवून गट केलात तर तिन्ही पानांची मिळून रुंदी अंतरात धरली जाते आणि पानं फार विरळ पडतात. रचून घेतल्यावर 'स्कॅटर'मध्ये 'इफ पॅटर्न इज अ ग्रुप, पिक ग्रुप मेंबर्स' चालू करा आणि 'रँडमली' निवडा.

फुलांनंतर पानं ओवली तर ती फुलांच्या वर येतात. पानांचा सगळा गट निवडून 'एंड' दाबा, पानं मागे जातील आणि देठं फुलांखाली लपतील.

एका तोरणात तीन-चार झोळ हवे असतील तर सलग एकच पाथ काढू नका. जिथं दोन झोळ भेटतात तिथं रेघेला टोकदार कोपरा येतो, दिशा एकदम पालटते आणि तिथली दोन फुलं एकमेकांवर आपटतात. नोड टूलनं त्या कोपऱ्यावर पाथ तोडा, मग 'ब्रेक अपार्ट' करा, प्रत्येक झोळ वेगळा. कोपऱ्यावर नारळ, कलश किंवा मोठा गोंडा ठेवा.

हार

गणपतीच्या फोटोभोवतीचा हार तोरणासारखा वाटतो, पण त्यात सगळंच दोऱ्याच्या ताब्यात असतं. फुलं बाजूनं काढायची आणि दिशा पाळणं चालू. फक्त तळाचा गोंडा वजनाच्या ताब्यात, तो शेवटी हातानं टांगायचा.

हारात अडचण येते तळाच्या वळणावर. समजा वळणाची त्रिज्या १२ मिलिमीटर आहे आणि फूल दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना ५-५ मिलिमीटर पसरलं आहे. दोऱ्यावर दोन फुलांत ७ मिलिमीटर अंतर असलं तरी आतल्या कडेला ते ४ वर येतं आणि बाहेरच्या कडेला जवळपास १० होतं. आत गर्दी, बाहेर फटी. फटीतून मागचा रंग डोकावला की हार विटल्यासारखा दिसतो. वळण जरा रुंद करा, किंवा त्याच पाथवर आधी गडद केशरी रंगाची जाड रेघ देऊन तिच्यावर फुलं ओवा. फटीत मग तोच केशरी दिसतो. मी हा दुसरा उपाय करते, कारण फोटोची चौकट बदलत नाही.

वेल थोडक्यात

सांगलीत बेदाण्याची आणि हळदीची पाकिटं रोज कुणी ना कुणी करून घेतं. दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. बेदाण्याच्या खोक्यावर द्राक्षाची वेल हमखास मागतात. द्राक्षाची पानं वेलीवर आलटून पालटून येतात, एक या बाजूला, एक त्या बाजूला. दोन पानं काढा, एक वरच्या बाजूचं, एक खालच्या. तोरणाच्या पानांसारखीच रचून गट करा, दिशा पाळणं चालू ठेवा आणि 'रँडमली'च्या जागी 'सिक्वेन्शिअली' घ्या. द्राक्षांचे घड मात्र दिशा न पाळता वेगळ्या फेरीत टांगा. घड जड असतो.

अक्षता

अक्षता कुणाच्याच ताब्यात नसतात. हातातून सुटल्या की जिथं पडतील तिथं. म्हणूनच त्या सगळ्यांत अवघड. माणसाचं मन ओळ लावतंच, आणि सॉफ्टवेअरचंही.

इंकस्केपच्या 'स्कॅटर'मध्ये आकार किंवा कोन आपोआप विस्कटायची सोय नाही. म्हणून सात-आठ तांदूळ वेगवेगळ्या कोनांत काढा, दोन कुंकवात घोळलेले, बाकीचे हळदीचे. पानांसारखेच एकावर एक रचून गट करा आणि 'रँडमली' निवडून ओवा. मग सगळा गट निवडून 'ट्वीक' टूल घ्या. त्यात वस्तू अंदाधुंद सरकवण्याची आणि फिरवण्याची पद्धत आहे. ब्रश मोठा आणि जोर कमी ठेवून वक्रावरून दोनदाच फिरवा. तिसऱ्यांदा फिरवलं की वक्रच हरवतो आणि नुसता सडा उरतो.

इलस्ट्रेटरमध्ये हेच काम 'स्कॅटर ब्रश' फार सुरेख करतो. तांदूळ ब्रशेस पॅनेलमध्ये ओढून टाका, 'स्कॅटर ब्रश' निवडा आणि चारही ठिकाणी 'फिक्स्ड'ऐवजी 'रँडम' करा. माझे आकडे असे: आकार ८० ते ११० टक्के, अंतर ६० ते १८० टक्के, विखुरणं उणे १५० ते १५० टक्के, फिरणं उणे १८० ते १८० अंश. मग याच ब्रशनं एकावर एक दोन वक्र काढा, एक लांब आणि दुसरा मधल्या भागापुरताच आखूड. अक्षता मध्ये दाट आणि कडेला विरळ पडतात, कारण सगळे नेम धरतात नवरा-नवरीवर. ब्रशच्या नक्षीत ग्रेडियंट (हळूहळू बदलणारा रंग) किंवा मास्क चालत नाही, साधे भरीव रंगच ठेवा.

याच ब्रशमध्ये 'रोटेशन रिलेटिव्ह टू' आहे, 'पेज' किंवा 'पाथ'. पेज म्हणजे वजन, पाथ म्हणजे दोरा. आंब्याच्या पानाला 'पेज', झेंडूला 'पाथ'.

कोरलमध्ये काम करणाऱ्यांसाठी

इथल्या बहुतेक प्रेसमध्ये कोरलड्रॉ चालतं. तिथं मी 'ब्लेंड' वापरते. एक फूल डावीकडे, एक उजवीकडे ठेवा, ब्लेंड टूलनं एकापासून दुसऱ्यापर्यंत ओढा. पायऱ्यांचा आकडा हा मधल्या फुलांचा असतो, म्हणजे सत्तावीस हवी असतील तर २५ टाका. मग 'पाथ प्रॉपर्टीज'मधून 'न्यू पाथ' घेऊन झोळावर क्लिक करा. पुढच्या पर्यायांत 'ब्लेंड अलाँग फुल पाथ' चालू करा. 'रोटेट ऑल ऑब्जेक्ट्स' फुलांसाठी चालू, पानांसाठी बंद.

ब्लेंडची एक गोष्ट मला फार आवडते. टोकाचं फूल ५ मिलिमीटर आणि मधलं ९ ठेवलं तर त्या दोघांमधली सगळी फुलं क्रमानं मोठी होत जातात. अर्ध्या झोळावर करून उलटून घेतलं की तोरण मध्ये भरदार आणि टोकाला निमुळतं दिसतं. इलस्ट्रेटरच्या ब्लेंडमध्येही हे होतं. तिथं 'रिप्लेस स्पाइन' करून ब्लेंड झोळावर न्यायचा आणि 'अलाइन टू पेज' किंवा 'अलाइन टू पाथ' निवडायचं. फक्त तिथं स्पाइनची, म्हणजे ब्लेंडच्या दोऱ्याची, हँडल्स लांब-आखूड केली की फुलंही दाट-विरळ होतात, तेव्हा अंतरं विषम दिसली तर आधी हँडल्स तपासा.

प्रेसला पाठवण्याआधी

एका लग्नात पत्रिकेचंच तोरण मांडवाच्या फ्लेक्सवर हवं होतं. मी इलस्ट्रेटरची फाइल आठ फुटांना ताणली. झोळ मोठा झाला, पण फुलं मोहरीएवढीच राहिली आणि त्यांची संख्या शेकड्यांत गेली. प्राधान्यांमधलं 'स्केल स्ट्रोक्स अँड इफेक्ट्स' बंद होतं, म्हणून ब्रशनं आपला आकार धरून ठेवला आणि लांबलेल्या रेघेवर जास्त फुलं ओवली. फ्लेक्स छापायला जाण्याआधी दिसलं म्हणून निभावलं, नाहीतर मुहूर्ताच्या आदल्या रात्री नवा फ्लेक्स कुठून आणायचा?

तेव्हापासून मी दोन फाइली ठेवते. एक कामाची, जिच्यात क्लोन, ब्रश आणि ब्लेंड जिवंत असतात. दुसरी छपाईची, जिच्यात इलस्ट्रेटरचा ब्रश 'एक्स्पांड अपिअरन्स' करून, कोरलचा ब्लेंड कंट्रोल-के दाबून तोडून आणि इंकस्केपचे क्लोन शिफ्ट-ऑल्ट-डी दाबून सोडवून साधे आकार केलेले असतात. इंकस्केपमधून पीडीएफ द्या आणि झेंडूचा केशरी प्रेसमध्ये एकदा कागदावर उतरवून बघा, कारण स्क्रीनवरचा तजेलदार केशरी शाईत उतरताना मळकट होतो.

ती पत्रिका मी दुसऱ्या दिवशी सुधारून दिली. फुलांना हातही लावला नाही, फक्त नऊ पानं नव्यानं टांगली. मुलीच्या वडिलांनी कागद परत हातभर लांब धरला आणि म्हणाले, "आता लावलंय बघा दाराला."